उसनं बळ

कोसमबांधच्या देवटेकडीचा चढ कापगते सर शीळ वाजवत चढतात, ही गोष्ट आता साऱ्या तालुक्याला ठाऊक झाली होती. ज्या माणसाच्या हृदयात दोन स्टेंट घालावे लागले, ज्याला डॉक्टरांनी अंगणातसुद्धा जपून चालायला सांगितलं होतं, तो पासष्टी ओलांडलेला माणूस जाड टायरची सायकल घेऊन मुरमाच्या वाटेवर निघतो आणि टेकडीवर सगळ्यांच्या आधी पोचतो. वर पोचल्यावर एका धोंड्यावर पाय ठेवून, मागं राहिलेल्या पोरांना हाका मारतो, "अरे, चला न बे! सकाळी जेवून नाई आले काय?" ही पोरं म्हणजे बहुतेक सरांचेच जुने विद्यार्थी. सरांनी आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली होती आणि निवृत्त झाल्यावरही शिट्टी काही गळ्यातून काढली नव्हती.

सगळ्यांत शेवटी, घामानं निथळत, हिरकन्याबाई वर यायच्या. ह्या सरांच्या पत्नी. त्या आल्या की सरांचा तास सुरू व्हायचा.

"पायडल गोल फिरव वो, नुसतं दाबू नको. किती डाव सांगू?"

"गुडघे ऐकत नाईत जी," बाई म्हणायच्या आणि ओढणीनं तोंड पुसता पुसता हसू लपवायच्या.

कारण बाईंचे गुडघे ठणठणीत होते. देवटेकडीचा चढ रोज खऱ्या अर्थानं त्याच चढत होत्या. स्वतःचा पूर्ण, आणि नवऱ्याचा निम्म्याहून अधिक.

हे कसं, ते सांगायला हवं. कोसमबांधच्या तलावाभोवतीचं जंगल राखीव झालं, तेव्हा आत इंजिनाचं वाहन नको आणि बाहेरून आणलेली वीजही नको, असा नियम झाला. काठाचा डांबरी रस्ता उखडून त्यावर मुरूम आणि बारीक गिट्टी दाबली. साग, मोह, ऐन यांच्या सावलीतून तलावाला वळसा घालणारी ती वाट सायकलींना मोकळी झाली. हॉर्न नाही, धूर नाही, टायरखाली खडी करकरते तेवढाच आवाज. जंगलात फिरायचं तर पायांच्या जोरावर फिरा. नियम चांगलाच होता, पण त्यामुळे म्हातारी आणि आजारी माणसं नेमकी फाटकाबाहेर राहिली. त्यावर इंजिनिअरिंग कॉलेजातल्या चार पोरींनी तोड काढली आणि तिचं नाव ठेवलं 'सांगड'.

सांगडीत जादू काही नव्हती. प्रत्येक सायकलच्या मागच्या चाकात एक लहानसं यंत्र बसवलेलं होतं. वीज दिली की ते चाक ढकलायचं, आणि चाकानं त्याला फिरवलं की ते वीज तयार करायचं. हँडलच्या मुठीजवळची कडी 'देणे'कडे फिरवली की तुमचं यंत्र वीज करायला लागायचं आणि तुमचं पायडल तितकंच जड व्हायचं. त्याच क्षणी वाटेकडेच्या खांबांवरून तुमच्या जोडीदाराच्या सायकलला निरोप जायचा, आणि तिकडचं यंत्र त्याच्या बॅटरीतली वीज खर्चून त्याचं चाक ढकलायचं. वीज काही हवेतून उडत जात नव्हती. उडायचा तो निरोप. संध्याकाळी सायकली फाटकाजवळच्या लांब दांड्याला शेजारीशेजारी लावल्या, की तारेतून एकीच्या बॅटरीतली वीज दुसरीत जायची. लोक त्या दांड्याला दावण म्हणत. वाटेत थोडी गळती होई. पाच ओंजळी दिल्या तर पोचायच्या चार. पण बाहेरचा एक थेंब नाही, सगळं माणसांच्या पायांतलं.

पोरींची खरी करामत पुढं होती. घेणारा किती जोर लावतोय ते ओळखून यंत्र त्याच्या जोरात आपला जोर इतका बेमालूम मिसळायचं, की त्याला मदत होते आहे असं वाटायचंच नाही. वाटायचं, आज आपले पाय काय झकास चालले आहेत! सुरुवातीला देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याच्या हँडलवरच्या पडद्यावर यायचं. त्यावरून जावाजावांत टोमणे सुरू झाले, एका व्याह्यानं दुसऱ्या व्याह्याशी बोलणं टाकलं. शेवटी पोरींनी नाव दाखवणं बंद केलं.

आता कापगते सर म्हणजे दुसऱ्याचं बळ घेणारे नव्हेत. त्यांनी स्वतःची कडी मोठ्या ऐटीत 'देणे'वर ठेवली होती. बायकोचे गुडघे दुखतात, थोडं बळ तिला मिळो. यंत्राला मात्र भावना कळत नव्हत्या, वजाबाकी कळत होती. बाईंच्या मोठ्या देण्यातून ते सरांचं चिमूटभर देणं वजा करायचं आणि उरलेलं सरांच्या चाकात घालायचं. सर म्हणायचे, बायकोला देऊनसुद्धा मी इतका हलका, म्हणजे माझं हृदय नवंकोरं झालं म्हणायचं!

बाईंना हे सुचलं ते रोवणीमुळे. लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं त्यांनी धानाची रोवणी केली होती. गुडघाभर चिखलात बायका ओळीनं वाकायच्या, प्रत्येकीची आपली एक पात. एखादी मागं पडली, तिला बरं नसलं, पोटुशी असली, की शेजारीण स्वतःच्या पातीत लावता लावता चार रोपं तिच्या पातीत खोचून द्यायची. मान वर न करता, एक शब्द न बोलता. ओळ सरळ राहायची आणि मालकाला कळायचं नाही. फार झालं आणि अगदीच कंबर राहिली, तर त्या बाईनं स्वतः म्हणायचं, "हात दे वो." मग मात्र शेजारणी उघडपणे तिच्या पातीत उतरायच्या. पण असं म्हणायची वेळ बायका सहसा येऊ द्यायच्या नाहीत.

दवाखान्यातून आल्यावर सर पहिल्यांदा देवटेकडीला आले, तेव्हा पायथ्याच्या रपट्यावर, ओढ्यावरच्या त्या बुटक्या फरशीवरच, त्यांचा श्वास संपला. ते खाली उतरले. मागून त्यांचे दोन विद्यार्थी येत होते. सरांनी घाईघाईनं वाकून टायर दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हवा कमी हाये वाटते." टायर टणक होतं. बाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कडी फिरवली. मान वर न करता, शब्द न बोलता.

पुढं गुडघ्यांचं सोंग आलं, कारण रोज इतका घाम कशाचा ते सांगायला हवं होतं. त्या सोंगाला एक फळही आलं. संध्याकाळी सर तिळाचं तेल कोमट करून आणायचे, पाटावर बसायचे आणि बायकोचे गुडघे चोळून द्यायचे. सगळ्या संसारात सरांनी कधी तिच्या पायाला असा हात लावला नव्हता. बाई डोळे मिटून बसायच्या. खोटं बोलल्याचं वाईट वाटायचं, पण पाय मागं घ्यावेसे वाटायचे नाहीत.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग एका सकाळी चहा पिता पिता सर म्हणाले, "मागचं रान उघडून रायलं पुढच्या आठवड्यात. मी नाव देल्लं."

बाईंच्या हातातली बशी तशीच राहिली.

मागचं रान म्हणजे तलावापलीकडचं दाट जंगल. तिथं अस्वलांचा राबता, म्हणून वाट काढली तरी खांब उभारायचे नाहीत असं ठरलं होतं. फोन चालत नव्हता. गोंगाट नको म्हणून एकेकट्यानं सोडणार, दोघांमध्ये भरपूर अंतर ठेवून. तीन टेकड्या, तिन्ही देवटेकडीपेक्षा उभ्या. आणि खांब नाहीत म्हणजे सांगड नाही.

"एकटेच जाल?"

"एकट्यानंच जायचं असते तिथं. तू नको येऊ, तुह्या गुडघ्यायले नाई झेपायचं." सर खुशीत होते. "डॉक्टरले फोटो पाठवतो वरून. म्हणे, जपा! काय जपा?"

आपण आपल्या हातांनी या माणसाला काय देऊन बसलो, ते त्यांना त्या बशीतल्या चहात दिसलं. बळ दिलं असं आपल्याला वाटत होतं. दिला तो भलताच भरवसा. आणि त्या भरवशावर हा माणूस एकटा, मुक्या रानात, तिसऱ्या टेकडीवर छाती धरून बसणार.

सांगून टाकावं, हा सरळ मार्ग होता. तो धरायला बाईंची जीभ रेटेना. त्यांनी दुसरा मार्ग काढला. रोज थोडं थोडं कमी द्यायचं. सरांना आपोआप दम लागेल, आपोआप ते म्हणतील, नको बाबा मागचं रान. कोणाची मान खाली जायला नको.

पहिल्या दिवशी सरांनी साखळीला दोष दिला. दुसऱ्या दिवशी मुरूम ओला आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशी काहीच म्हणाले नाहीत. शीळ बंद झाली. जेवताना भात चिवडत बसले. पण नाव काही मागं घेतलं नाही. उलट बाई तलावाच्या पाळीवर भाजी घ्यायला थांबल्या असता सर एकटेच परत देवटेकडीला गेले, आणि आले ते ओठ पांढरे पडून. "सराव कमी पडून रायला," एवढंच बोलले. मास्तर माणूस! पोरगं धावण्यात मागं पडलं तर त्याला आणखी पळवायचं, एवढंच औषध त्यांना माहीत होतं, आणि ते आता स्वतःलाच पाजत होते.

बाई घाबरून फाटकावरच्या मनीषा टेंभरेकडे गेल्या. मनीषा म्हणजे सांगड चालवणारी वनखात्याची अधिकारी, तीही सरांचीच विद्यार्थिनी.

"सरांचं नाव काढून टाक न वो पोरी. काहीतरी कारण सांग."

मनीषा म्हणाली, "काढते काकू. वय सांगून काढता येते. पण मग सर उद्या कुठल्या तरी दुसऱ्या टेकडीवर जातीन. जगात टेकड्या का कमी हायेत? त्यायच्या मनात जे खोटं बसलं, ते मी कसं काढू? ते तुम्हीच देल्लं न."

पोरगी तोंडावर बोलली. बाईंना राग आला, आणि घरी जाता जाता तो ओसरला, कारण ती खरं बोलली होती.

सर अंगणात सायकल उलटी ठेवून साखळीला तेल देत होते. बाई समोर बसल्या.

"साखळी चांगली हाये जी. कायले तेल घालून रायले?"

"मग काय झालं? माह्या पायात काही रायलं नाई म्हणतेस?"

"तुमच्या पायात होतं तेवढंच हाये. बाकीचं माह्यं होतं." बाईंनी एका दमात सांगून टाकलं. रपट्यावरचं टायर, कडी, गेला सगळा पावसाळा आणि हा हिवाळा, आणि आठवडाभर कमी कमी करत आणलेलं. "मी चोरून देत होती. आता चोरून काढून घेत होती. दोन्ही चुकलं."

सरांनी तेलाची कुपी खाली ठेवली.

"किती?"

"चढावर निम्म्याहून जास्त."

"म्हणजे त्या पोट्ट्यायसमोर मी जे धोंड्यावर पाय ठेवून..." मग एकदम काहीतरी आठवून त्यांनी मान वर केली. "आन् तुह्ये गुडघे?"

बाई खाली पाहत म्हणाल्या, "गुडघ्यायले काही झालं नव्हतं."

सर उठले. सायकल सरळ केली आणि भिंतीला टेकवली. त्या संध्याकाळी तेल कोमट झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सर जेवायचे, पेपर वाचायचे, विचारलं तर हूं म्हणायचे. बाईंना वाटलं, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. आपण ह्या माणसाचं हृदय वाचवलं की तोडलं, ते त्यांना कळेना, आणि भाकरी थापता थापता त्यांचे डोळे भरून येत.

मागचं रान उघडण्याच्या आदल्या सकाळी सर कपडे करून उभे राहिले.

"चाल."

"कुठं?"

"देवटेकडी. आज तुही कडी बंद. माही पण बंद. मले पाहू दे, माह्यं किती हाये ते."

"आन् छातीत कळ आली तर?"

"तर उतरीन." सरांनी शिट्टी गळ्यातून काढून खुंटीला अडकवली. "पोट्टे असले तरी उतरीन."

तलावावर धुकं होतं. धुक्यातून शिंगाडे काढणाऱ्यांचे डोंगे तेवढे मधूनमधून दिसत होते. वाटेवर खडीची करकर, आणि वर कुठंतरी हरियल पक्ष्यांचा थवा. बाई सरांच्या मागं निघाल्या आणि पहिल्याच वळणाला दचकल्या. कडी बंद होती, आणि सायकल अशी पळत होती की ब्रेक दाबत राहावं लागत होतं, नाहीतर त्या सरांच्या पुढं गेल्या असत्या. स्वतःची सायकल इतकी हलकी असते, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

रपटा आला. सरांनी दात खाऊन पायडल मारलं. रपटा गेला.

चढ लागला तशी सरांची पाठ डोलायला लागली. एक पायडल, मग थांबून दुसरं. त्यांच्या श्वासाचा आवाज बाईंना मागं ऐकू येत होता, फाटक्या भात्यासारखा. बाईंचा अंगठा कडीवर होता. एवढंसं फिरवायचं, केसभर, त्यांना कळणारसुद्धा नाही! आयुष्यात पुष्कळ ओझी उचलली होती त्यांनी, पण काही न करता नुसतं मागं राहणं इतकं जड असतं, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी अंगठा उचलला आणि मुठीखाली दाबून धरला.

वरून तिघेचौघे तरुण येत होते. त्यांनी सरांना पाहिलं आणि त्यांच्या गप्पा थांबल्या. सरांनी मान वळवली नाही. मोहाची दोन झाडं गेली, वळण गेलं. चढाच्या बरोबर मध्यावर जुनं कोसमाचं झाड आहे, त्याच्याखाली सरांची सायकल जवळजवळ उभीच राहिली, आणि त्यांनी पाय जमिनीवर टेकला.

बाई उडी मारून धावल्या. "कळ आली काय? सांगा न जी!"

सरांनी हातानंच नाही म्हटलं. कोसमाच्या खोडाला टेकून ते नुसते श्वास घेत राहिले. मग मागं वळून खालचा रपटा पाहिला. तिथं ते एकदा टायरची हवा तपासायला वाकले होते.

"रपट्यापासून इथंवर," ते म्हणाले, "हे तर माह्यंच हाये न?"

"तुमचंच. माही कडी बंद हाये, पाहा."

सरांनी खरंच वाकून कडी पाहिली. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की बाईंना रडू फुटलं. मघाचे तरुण अजून तिथंच घुटमळत होते. त्यांतला एक पुढं येऊन म्हणाला, "सर, काही मदत पायजे का? टायर गेलं का?"

"टायर चांगलं हाये बे," सर म्हणाले. "दम गेला."

ते परत सायकलवर बसले. दोन्ही मुठी धरल्या. वर पाहिलं, उरलेल्या निम्म्या चढाकडे, आणि त्या पोरांसमोर, सगळ्या रानाला ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात, पी.टी.च्या आवाजात म्हणाले,

"हात दे वो."

रोवणीतलं ते बोलणं कधीतरी बाईंनीच त्यांना सांगितलं होतं. इतकी वर्षं संसार झाला, पण सरांच्या तोंडून ते त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि कडी फिरवली. पायडल जड झालं, ओळखीचं जड. पुढं सरांची पाठ सरळ झाली.

वर पोचल्यावर सर धोंड्याकडे गेले नाहीत. बाई येईपर्यंत वाटेतच उभे राहिले. मागोमाग तो मघाचा तरुणही सायकल वळवून वर आला.

"सर, उद्या मागच्या रानात येऊन रायले न?"

"नाई. तिथं खांब नाईत." सरांनी बाईंकडे बोट दाखवलं. "निम्मा चढ हिचा असते. हिले सोडून कसा येऊ?"

पोरगा काय समजायचं ते समजला आणि निघून गेला. धुकं विरलं होतं, खाली सगळा तलाव उघडा पडला होता. दोघं तसेच हँडल धरून उभे राहिले. सर म्हणाले, "संध्याकाळी तेल कोमट करतो."

"अहो, पण माह्ये गुडघे दुखत नाईत न जी."

"माहीत हाये मले," सर म्हणाले. "तरी पाय पुढं कर."